घरात काय काय जळतं

आधी बहनजींबद्दल सांगते, मग बाकीचं.

पानिपतला आमच्या भागात जो छोटा सरकारी दवाखाना होता, तिथे त्या नर्स होत्या. सगळी वस्ती त्यांना बहनजी म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले, आजही तेच म्हणते. हे लिहायला घेतलं तेव्हा फोन करून विचारलं, तुमचं नाव घालू का? तर म्हणाल्या, "मेरा नाम क्यूँ? मैं कोई चुनाव लड़ रही हूँ?" म्हणून नाव घालत नाही. उंच, हाडापेरानं मोठी बाई. आवाज असा की तीन मजले खालून हाक आली तरी हातातलं काम टाकून कठड्याशी यावं लागे. माझा मुलगा आज एकोणीस वर्षांचा आहे. डॉक्टरांनी त्याला औषधं दिली, ऑक्सिजन लावला, ते खरंच आहे. पण तो डॉक्टरांपर्यंत वेळेत पोचला तो बहनजींमुळे. आणि त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर राहिलं तेही त्यांच्यामुळेच.

आम्ही सोलापूरचे. माझे यजमान मागाचे जॉबर, म्हणजे माग बिघडला की तो खोलून दुरुस्त करणारे. सोलापुरात एकेक कारखाना बंद पडत चालला होता आणि पानिपतला त्याच वेळी परदेशी मालाची कामं वाढली होती. गालिचे, पडदे, ब्लँकेटं, सगळं बाहेर जायचं. चादरीच्या मागावरचा माणूस तिकडे हवाच होता. लग्नाला दीड वर्ष झालं आणि आम्ही दोन ट्रंका घेऊन आलो. मी सातवीत शाळा सोडलेली. धाकट्या भावाच्या वेळी आई अंथरुणाला खिळली आणि घर माझ्यावर पडलं, एवढंच कारण. वाचता-लिहिता येतं, पण कुणी फॉर्म पुढे केला की आजही माझा हात थरथरतो.

राहायला मिळाली ती खोली एका नव्या सेक्टरच्या शेवटच्या ओळीत, तिसऱ्या मजल्यावर, गच्चीला लागून. त्या वर्षांत तिकडे रस्ते आधी व्हायचे आणि घरं नंतर. आमच्या घरापुढे डांबरी रस्ता, खांबांवर दिवे, आणि रस्त्याच्या पलीकडे सरळ भातशेती. शेत घरमालकांचंच. त्यांना आम्ही चाचाजी म्हणायचो. अर्धी जमीन सेक्टरसाठी गेली होती, अर्धी राहिली होती. काला अंब, म्हणजे पानिपतच्या लढाईची जागा, जवळच, त्यामुळे मराठी माणूस भाडेकरू म्हणून आला याची त्यांना भारी गंमत वाटायची. पहिल्याच दिवशी यजमानांना म्हणाले, "पिछली बार तुम्हारे लोग आए थे तो बिना रजाई के आए थे. इस बार पहले रजाई ले लो, बाकी बात बाद में."

यजमान म्हणाले, "चाचाजी, इस बार रजाई बनानेही आए हैं."

चाचाजी इतके हसले की त्यांनी पहिल्या महिन्याचा गॅस स्वतः चढवून दिला.

दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. त्याआधी सोलापुरात एकदा चौथ्या महिन्यात गेलं होतं. त्यामुळे यावेळी मी पायऱ्यासुद्धा मोजून चढायची. बेत ठरलेला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात चोळी-ओटी करून दिवाळीच्या आधी सोलापूरला जायचं. तिकीट काढून ट्रंकेत ठेवलं होतं. आणि नवरात्रात एसटीडी बूथवर भावाचा निरोप आला की आई मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, तीन महिने उठायचं नाही. भाऊ अकरावीत. मी गेले असते तर माझं कोण करणार आणि आईचं कोण करणार, हा हिशोब कुणालाच सुटेना. तिकीट परत केलं.

त्याच महिन्यात कारखान्यात एक मोठी ऑर्डर बाहेरून परत आली. रंगात फरक आहे म्हणे. निम्मे माग उभे राहिले. यजमान सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे, जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "काही नाही, तू झोप." माणूस काही नाही म्हणतो तेव्हा जास्तच काहीतरी असतं, हे मला कळायचं. मी दिवसभर एकटी. भाषा अर्धी कळायची. रडू यायचं आणि रडल्यावर भीती वाटायची, की आपण रडतोय ते आत त्याला कळत असेल.

आणि मग धूर सुरू झाला.

मी सोलापूरची, मला भाताची काय माहिती! एक दिवस समोरच्या शेतात भलं मोठं मशीन आलं आणि दोन तासांत उभं पीक कापून गेलं. मागे गुडघ्याएवढे खुंट आणि पसरलेला पेंढा. त्याला तिकडे पराली म्हणतात. चार दिवसांनी चाचाजींनी त्याला काडी लावली. त्यांच्या पलीकडच्यानं लावली. त्याच्या पलीकडच्यानंही. दुपारी तीनला खोलीत दिवा लावावा लागे. वाळत घातलेले कपडे आत घेतले की त्यांना जळकट वास. विरजण लावलेल्या दह्यावर काळे बारीक तंतू उतरलेले. माझे डोळे चुरचुरायचे, घसा खवखवायचा आणि खोकला आला की पोट आवळायचं. मग मी खाटेवर बसून हात पोटावर ठेवून वाट बघायची, की हललं का, हललं का.

मी धीर करून चाचाजींना म्हटलं. त्यांचे डोळेही लाल झाले होते. ते म्हणाले, "बेटी, दस-पंद्रह दिन की बात है. गेहूँ बोना है. मज़दूर अब मिलते कहाँ हैं, सब तो तुम्हारी फ़ैक्टरियों में चले गए." खोटं नव्हतं ते. वाईट माणूस तर ते मुळीच नव्हते. पण दहा-पंधरा दिवस म्हणता म्हणता महिना झाला.

बहनजी घरी आल्या त्या याच दिवसांत. गरोदर बायकांची नोंद करत दारोदार फिरत होत्या. गच्चीवर येऊन आधी कठड्याला धरून दम घेतला, मग माझ्या दंडाला पट्टा बांधला, आणि पारा चढलेला बघून माझ्याकडे बघितलं.

"सोती है?"

"जी, थोड़ा."

"रोती है?"

मी गप्प.

"मतलब रोती है." त्यांनी लिहून घेतलं. मग पुढचा प्रश्न वाचला. "घर में धुआँ होता है? चूल्हा, लकड़ी, उपले?"

"नहीं बहनजी, गैस है."

त्यांनी ‘नाही’पुढे खूण केली आणि पान उलटलं. त्या खुणेबद्दल पुढे सांगते.

त्यांनी मला सांगितलं ते असं. शेताकडची खिडकी सकाळ-संध्याकाळ बंद ठेव, दुपारी वारा फिरला की उघड. केरसुणी मारू नकोस, ओल्या फडक्यानं पूस. आणि उद्यापासून रोज अकरा वाजता दवाखान्यात येऊन बस. मी म्हटलं, रोज कशाला, तपासायला? तर म्हणाल्या, "ना. काम करने. यहाँ अकेली बैठी-बैठी बावली हो जाएगी."

मग मी रोज जायला लागले. दवाखान्याच्या मागच्या खोलीत खिडकी दुसऱ्या बाजूला होती, तिथे धूर कमी यायचा. मला कापसाचा गठ्ठा दिला आणि बोळे करायला सांगितले. माझा हात वळलेला वातींना. अर्ध्या तासात मी डबाभर बारीक लांब वाती करून ठेवल्या. बहनजींनी एक उचलली, उजेडात धरली आणि सगळ्या बायकांना दाखवली. "लो जी! ये सूई लगाने आई है कि आरती करने?" बायका हसल्या, मीही हसले. कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले होते. त्यानंतर बोळे नीट गोल करायला शिकले. पारा थोडा खाली आला. पूर्ण नाही.

मुलगा पाच आठवडे आधी झाला. दुपारी कपडे घडी करताना पाणी गेलं. यजमान कारखान्यात होते. चाचाजींनी आपली मारुती व्हॅन काढली, चाची मागे माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. ज्यांच्या शेताच्या धुराला मी महिनाभर मनात बोल लावत होते, त्यांच्याच गाडीत मी गेले. बाळ दोन किलोलाही कमी भरलं. नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी बाहेरून बघायची. त्याची छाती माझ्या तळहाताएवढीसुद्धा नव्हती.

दहाव्या दिवशी घरी सोडलं. थंडी सुरू झाली होती. आता माझी खरी चूक सांगते.

आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातलं की शेक आणि धुरी देतात. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेप, थोडा धूप टाकायचा आणि बाळाला दुपट्यात धरून तो धूर अंगाखांद्याला लागू द्यायचा. थंडी जाते, अंग भरून येतं, नजर लागत नाही. मला दिली होती, माझ्या भावाला मीच दिली होती. सोलापूरचा एक कामगार सुट्टीवरून परत आला, त्याच्याबरोबर आईनं पडल्या पडल्या सगळ्या पुड्या बांधून पाठवल्या होत्या. प्रत्येक पुडीवर भावाच्या अक्षरात नाव. त्या पुड्या हातात घेतल्या आणि मला वाटलं, माहेर आलं. फोनवर आई म्हणाली, "बाळ अशक्त आहे ना, मग एक दिवसही चुकवू नको. खोली बंद कर, वारा लागू देऊ नको."

चाचींनी छोटी अंगीठी दिली. त्यांच्याकडेही थंडीत खोलीत निखारे ठेवतातच. मी दार लावलं, खिडकी लावली, फटीत चादर खोचली. सकाळी न्हाऊ घालून धुरी. तिसऱ्या दिवशी बाळाचं नाक वाजायला लागलं. मी म्हटलं, सर्दी झाली, संध्याकाळीही द्यावी. चौथ्या दिवशी ते दूध ओढेना. मी ओवा जास्त टाकला. त्याला त्रास व्हायला लागला तशी मी धुरी वाढवत गेले. आज हे लिहितानाही हात थांबतो. पण झालं ते असंच झालं.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बहनजी वजन करायला आल्या. खालून हाक मारली ती मला ऐकू आली नाही, दार बंद होतं. त्यांनी दार लोटलं आणि धूर त्यांच्या तोंडावर आला.

त्या सरळ आत आल्या, खिडकी उघडली, टॉवेल गुंडाळून अंगीठी उचलली आणि गच्चीवर नेऊन ठेवली. परत येऊन माझ्या हातातून बाळ घेतलं, दुपटं सोडलं आणि त्याच्या आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्यांकडे, पोटाकडे बघत मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. ओठ हलत होते. पूर्ण एक मिनिट. ते मिनिट संपेचना.

"बहत्तर साँसें," त्या म्हणाल्या. "पसली चल रही है. कपड़े बाँध. नीचे चाचा को आवाज़ दे."

मग जिना उतरताना, बाळ त्यांच्या छातीशी, त्या ओरडल्या. "तूने मुझसे कहा था घर में धुआँ नहीं है!"

मी म्हटलं, "बहनजी, वो धुआँ थोड़ेही है. वो तो दवाई है."

त्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता तोंडात मारतील. पण चेहरा वेगळाच झाला होता. पुन्हा उतरायला लागल्या.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं झालं, घरात काही जाळलं का? बहनजी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर साहब, ग़लती मेरी है. मैंने चूल्हा पूछा था. ये नहीं पूछा कि घर में क्या-क्या जलता है." डॉक्टरांनी मान हलवली आणि बाळाला आत नेलं. ऑक्सिजन, सलाईन, सगळं. पहिले दोन दिवस डॉक्टर काहीच सांगायला तयार नव्हते. बघू, म्हणायचे. यजमान कारखान्यात गेलेच नाहीत, दवाखान्याच्या फाटकाशी उभे राहायचे. मी बाकावर. माझ्या डोक्यात एकच, की एक पोटातच गेलं आणि याला मी हातानं घालवलं.

तिसऱ्या दिवशी बहनजी ड्यूटी संपवून आल्या, माझ्याशेजारी बसल्या, पिशवीतून पराठा काढून माझ्या हातावर ठेवला. मी तेव्हा विचारलं. मला जे आठवतं ते मराठीतच सांगते.

मी विचारलं, "हे धुरीनं झालं, की आधीच झालं होतं? मी महिनाभर तो शेताचा धूर गिळला. मी रोज रडले. ते आत गेलं असेल का?"

त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाल्या, "खरं सांगू की बरं वाटेल असं सांगू?"

"खरं."

"खरं म्हणजे मला माहीत नाही. पोटुशीनं धूर घेतला तर मूल लहान होऊ शकतं, लवकर होऊ शकतं, असं आम्हाला शिकवलंय. फार ताण असला तरी होऊ शकतं. पण तुझं त्यामुळेच झालं का, ते कोणता डॉक्टर सांगणार? या गल्लीत बारा बायका गरोदर होत्या. सगळ्यांनी तोच धूर घेतला. अकरा मुलं भरल्या दिवसांची झाली." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शेत तू पेटवलंस? नाही. ऑर्डर तू परत पाठवलीस? नाही. आईला तू पाडलंस? नाही. अंगीठी तू पेटवलीस, हो. ती उद्यापासून पेटवायची नाही. एवढंच तुझ्या हातात होतं, एवढंच धर. बाकीचं सोड. पराठा खा."

मी खाल्ला. तोवर मला भूक लागलीय हेही कळलं नव्हतं.

पाचव्या दिवशी त्याच्या नाकातली नळी काढली. अकराव्या दिवशी घरी आणलं. त्यानंतर बहनजींनी मला श्वास मोजायला शिकवलं. बाळ शांत असताना, पोटावरचं कापड वर करून, घड्याळाचा काटा पूर्ण फिरेपर्यंत. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण एवढी लहान मुलं श्वास अडखळत घेतात. साठ किंवा त्यावर गेलं की पुन्हा मोजायचं आणि पुन्हा तेवढंच आलं तर विचार करत बसायचं नाही, निघायचं. घड्याळ नव्हतं माझ्याकडे. त्यांनी आपलं मनगटावरचं काढून दिलं. मी दिनदर्शिकेच्या चौकोनात आकडे लिहायची. चौपन्न, पन्नास, बावन्न. सातवी शिकलेल्या बाईला एवढं जमतं. पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचा मला उपयोग वाटला. बहनजी ड्यूटी झाली की तीन मजले चढून यायच्या, चौकोन बघायच्या, चहा घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चलो, आज भी पास."

आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. फोनवर म्हटलं, धुरी बंद केली, त्यानं बाळाला त्रास झाला. आई तडकली. "तुला दिली होती ना? तू मेलीस का? तिथल्या बायकांचं ऐकून आता आईची अक्कल काढतेस!" मी म्हटलं, "आई, मी भरल्या दिवसांची होते. आपलं घर कौलारू होतं, वरून हवा यायची. इथे खोली डबीसारखी आहे, बाहेरही धूर आणि आतही धूर." आईनं फोन ठेवला. पंधरा दिवस बोलली नाही. मग भावाच्या लेकीच्या वेळी, बऱ्याच वर्षांनी, मी सोलापूरला होते. वहिनीनं विचारलं, धुरीचं काय करायचं? आई कॉटवर बसून म्हणाली, "नको. हिला विचारा, हिला कळतं." एवढंच. मी दुसरीकडे बघून डोळे पुसले.

मुलगा वाढला. पण दर कार्तिकात त्याची छाती वाजायची. पाच वर्षांचा असताना दिल्लीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. बाळदमा म्हणाले, पंप दिला. मी त्यांनाही तोच प्रश्न विचारला, जन्माआधीच्या धुराचा. डॉक्टर बाई तरुण होत्या. म्हणाल्या, संबंध असू शकतो, अशा मुलांमध्ये जास्त दिसतो, लवकर जन्मलेल्या मुलांमध्येही दिसतो, पण एका मुलाकडे बोट दाखवून कारण सांगता येत नाही. म्हणजे बहनजी बाकावर बसून जे बोलल्या तेच, फक्त टेबलाच्या पलीकडून. मला त्यानं बरं वाटलं. धाकटी मुलगी चार वर्षांनी झाली, वैशाखात, भरल्या दिवसांची, गुटगुटीत. तिच्या छातीला काही नाही. याच्याही मागे माझं मन हिशोब लावायला बघतं, मग मी त्याला गप्प बसवते.

समोरचं शेत आता नाही. तिथे दहा मजली इमारती उभ्या आहेत, खाली सुपरमार्केट आहे. चाचाजी गेले. शेवटची दोन वर्षं त्यांनाही दम लागायचा, खाटेवर बसून पंप ओढायचे, माझ्या मुलासारखाच पंप, त्याच रंगाचा. मुलगा त्यांना शिकवायचा, "दादाजी, पहले साँस छोड़ो, फिर दबाओ." धूर मात्र अजून येतो. समोरून नाही, लांबून येतो, पण येतो. आणि आता त्यात गाड्यांचा आहे, बांधकामाची धूळ आहे. मुलगा पुण्याला शिकायला गेला त्याचं एक कारण हेही होतं, जरी तो म्हणतो कॉलेज चांगलं आहे म्हणून.

बहनजींनी त्या दिवसानंतर एक केलं. नोंदीच्या वहीत चुलीच्या रकान्यापुढे स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली. प्रत्येक घरात त्या विचारायला लागल्या, क्या-क्या जलता है? मग कळायला लागलं. कुणी डासांसाठी कडुनिंब जाळतं, कुणी सुईणीच्या सांगण्यावरून शेण्या, कुणी सकाळ-संध्याकाळ देवापुढे गुग्गुळ, कुणाचा सासरा खोलीतच हुक्का ओढतो. त्या म्हणायच्या, आधी मी विचारायची तेव्हा कुणाच्याच घरात धूर नव्हता. आमच्याकडे महाराष्ट्रातून नवीन कुणी कामाला आलं, त्यांच्या बायकोला दिवस असले, की मीही जाते. धुरीला नाही म्हणा असं तोंडावर म्हणत नाही, चिडतात. मी शेक द्यायला सांगते, तव्यावर कापड गरम करून. दार उघडं ठेवून. आणि कार्तिकात शक्य असेल तर लवकर माहेरी जा म्हणते. जमतं त्यांना जमतं.

बहनजी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांना एकच मुलगी. या फाल्गुनात तिचं लग्न झालं. सासर करनालच्या पुढे, चारी बाजूंनी भातशेती. लग्नात मी गेले होते. वरात निघाल्यावर बहनजी खुर्चीवर बसून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, पण कार्तिकात तिथे समोरचं झाड दिसत नाही. मला कळलं त्या काय मोजत होत्या.

मी त्यांना तिथेच म्हटलं, "उसको दिन रहेंगे ना, तो वो दो महीने मैं उसको सोलापूर ले जाऊँगी. भाऊ का घर है, गच्ची है, भाभी है. मैं साथ में रहूँगी."

त्या हसल्या. "इतनी दूर? उसकी सास भेजेगी?"

"सास को मैं देख लूँगी."

"तू? तू तो फॉर्म भरते हुए काँपती है."

"फॉर्म भरते हुए काँपती हूँ बहनजी, सास से नहीं."

त्यांना गंमत वाटली, पण मी गंमत करत नव्हते. वहिनीला विचारून ठेवलंय, ती हो म्हणाली आहे. आमच्याकडेही उसाचं पाचट जाळतात, नाही असं नाही, पण भाऊ शहरात राहतो आणि तिथे तेवढा धूर येत नाही. सोलापूर नको म्हणाले तर पुण्याला मुलाजवळ खोली घेईन. कुठेच पाठवायला तयार झाले नाहीत तर मीच करनालला जाऊन राहीन, खिडक्या बघेन, फडकी ओली करेन, तिच्याशी बोलत बसेन. ती बातमी या वर्षी येवो नाहीतर पाच वर्षांनी. माझे गुडघे तोवर चालोत न चालोत. बहनजी, मी येणार आहे.